पाचशे अंडी, बारा पिल्ले : सह्याद्रीचा रानकोंबडा आणि डार्विनचा एक निकाल

अंडी ५००. त्यांतून वाढून जगलेली पिल्ले १२. आणि त्या बारांतही संकरित नर व संकरित मादी यांच्या मीलनातून झालेली अवघी ३.

हा हिशेब चार्ल्स डार्विनच्या १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यात होणाऱ्या बदलांविषयीच्या दोन खंडी ग्रंथात आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात रानकोंबड्यांच्या तीन जाती एकमेकींशी जुळवून मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले होते; त्यांचे हे फलित. या आकड्यांवरून डार्विनने एक निकाल दिला : भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात राहणारा राखी रानकोंबडा हा जगातील कोणत्याही पाळीव कोंबडीचा पूर्वज असू शकत नाही. हा निकाल १४० वर्षे टिकला. २००८ साली तो अंशतः फिरला, आणि तो फिरवणारा पुरावा ज्या अंगावर सापडला ते म्हणजे कोंबडीचे पिवळे पाय.

आधी या पक्ष्याची ओळख करून घेणे बरे. रानकोंबड्यांच्या जगात चारच जाती आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, ब्रह्मदेश, थायलंड असा आग्नेय आशियात पसरलेला आहे. हिरवा जावा आणि आसपासच्या बेटांवर, तर श्रीलंकेचा स्वतंत्र रानकोंबडा त्या बेटापुरताच. चौथा राखी, तो भारताबाहेर कोठेही नाही. सह्याद्रीत भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात फिरणाऱ्याने तो पाहिला नसला तरी ऐकलेला असतो. त्याची बांग गावच्या कोंबड्यासारखी लांबत जात नाही; ती तुटक आणि खडखडीत असते. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना मेणाच्या थेंबांसारखे पिवळसर, चकचकीत, कडक ठिपके असतात. याच पिसांपायी इंग्रज मासेमाऱ्यांनी त्याची फार शिकार करवली, कारण सामन मासा गळाला लावण्यासाठी जी खोटी माशी बांधतात, तिच्यात हे पीस खोचण्याची पद्धत होती. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय आहे.

पाश्चात्त्य शास्त्राला या पक्ष्याची ठळक ओळख करून दिली ती प्येर सोनरा या फ्रेंच प्रवाशाने, १७८२ च्या आपल्या प्रवासग्रंथात. पुढे १८१३ साली टेमिंक या डच पक्षितज्ज्ञाने त्याला सोनराचेच नाव दिले. युरोपातील पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष आपल्याला भारतात सापडला, असे सोनराचे मत होते आणि काही काळ ते मान्यही झाले. डार्विनला खोडायचे होते ते हेच मत. मात्र त्यात त्याला इतका रस का होता, हे कळायला तत्कालीन इंग्लंडातले एक वेड समजून घ्यावे लागते.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला शांघाय बंदर परकीय व्यापाराला खुले करावे लागले. चहा आणि रेशमाबरोबर जहाजांवरून त्या भागातल्या प्रचंड आकाराच्या, पायांवर पिसे असलेल्या, शांत स्वभावाच्या कोंबड्या पश्चिमेकडे जाऊ लागल्या. इंग्रजांनी त्यांना ‘कोचीन’ म्हटले. हे नाव केरळातल्या कोचीवरून नाही. ते व्हिएतनामच्या दक्षिण भागाला युरोपीय लोक जे ‘कोचीन-चायना’ म्हणत, त्यावरून आणि तेही चुकीने पडले. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर येथील खुराड्यात १८४० च्या दशकात आशियाई कोंबड्या आल्या आणि राणीकडे आहे ते आपल्याकडेही हवे, या न्यायाने उमरावांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे कोंबड्यांमागे लागले. अटलांटिकच्या पलीकडेही तेच. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे लोटली. अमेरिकनांनी या प्रकाराला ‘कोंबडीज्वर’ असेच नाव दिले.

या ज्वराचा सर्वांत चलाख वैद्य म्हणजे जॉर्ज बर्नहॅम हा बोस्टनचा व्यापारी. वैद्य म्हणावे की साथ पसरवणारा, हा प्रश्नच आहे. १८५२ च्या अखेरीस त्याने आपल्या करड्या शांघाय जातीच्या नऊ कोंबड्या राणीला भेट म्हणून जहाजाने पाठवल्या. लंडनच्या सचित्र साप्ताहिकात त्यांचे चित्र छापून आले, राणीकडून उलट भेट म्हणून तिची तसबीर आली आणि बर्नहॅमच्या मालाचा भाव चढला. ज्वर ओसरल्यावर, १८५५ साली, याच गृहस्थाने त्या वेडाचा विनोदी इतिहास लिहून पुन्हा पैसे मिळवले. राणीला पाठवलेल्या त्या जातीला इतरांनी ‘ब्रह्मपुत्रा’ असे भारदस्त नाव दिले होते; ते घासून ‘ब्रह्मा’ झाले आणि आजही तेच चालते. ब्रह्मपुत्रेच्या काठाशी तिचा संबंध किती, यावर त्या काळातच वाद होता. शांघायच्या कोंबड्यांचा चित्तगावकडच्या उंच, तीन धारी तुऱ्याच्या कोंबड्यांशी झालेला संकर, असे तिच्याविषयी बहुतेक जाणकार मानतात.

या बाजारात दोन प्रकारचा माल होता : जिवंत पक्षी आणि उबवणीची अंडी. जिवंत जोडी फार महाग पडे. अंडी त्या मानाने स्वस्त आणि डझनावर विकली जात. गवतात किंवा कोंड्यात ठासून भरलेली पेटी आगगाडीने यायची, घेणारा ती आपल्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवायचा आणि एकवीस दिवस वाट पाहायचा. आत नेमके काय आहे, हे त्याला पिल्लू बाहेर येईपर्यंत समजत नसे. आणि जातिवंत आहे की नाही, हे तर पिसे फुटेपर्यंत, म्हणजे आणखी काही महिने. या व्यवहारात विश्वासाला किती वाव होता आणि लबाडीला किती, हे सांगायला नको.

अंडे प्रवास करू शकते, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. कोंबडी अंडे घालते तेव्हा त्याचे फलन होऊन सुमारे एक दिवस लोटलेला असतो. तेवढ्या वेळात बलकावरच्या बारीक पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. अंडे बाहेर पडून थंड झाले की ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही, थबकतो. सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली तो काही दिवस तसाच राहतो आणि ३७–३८ अंशांची ऊब मिळाली की जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. निसर्गात याचा उपयोग उघड आहे. रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालून होईपर्यंत कोंबडी त्यांवर बसत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसाचे आणि शेवटच्या दिवसाचे अंडे एकाच वेळी वाढू लागते आणि पिल्ले एकाच दिवशी बाहेर येतात. माणसाने या विरामाचा फायदा घेऊन अंडे पेटीत घातले. पण हा विराम अमर्याद नसतो. आठवडा उलटला की पिल्लू निघण्याची शक्यता घसरू लागते. गाडीच्या हादऱ्यांनी अंड्याच्या बोथट टोकाशी असलेली हवेची पोकळी सुटते, बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे दोर दुखावतात. म्हणून प्रवास करून आलेली अंडी टोकदार बाजू खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवावीत आणि मगच उबवावीत, असे अनुभवी माणूस आजही सांगतो.

याच कारणाने शांघायहून लंडनला किंवा कलकत्त्याहून लंडनला अंडी पाठवण्यात अर्थ नव्हता. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जहाजाला तीन-चार महिने लागत. एवढ्या मुदतीत उष्ण कटिबंधातून गेलेले अंडे बाद झालेलेच असणार. दूरचे रक्त जिवंत पक्ष्यांच्या पिंजऱ्यांतून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले आणि तिथून पुढे अंड्यांच्या पेट्यांतून गावोगाव पोचले.

डार्विनला ही सारी धामधूम म्हणजे एक आयती प्रयोगशाळा वाटली. देशभर हौशी माणसे संकर करत होती, नोंदी ठेवत होती, आपापसांत भांडत होती. त्यांतल्या विल्यम टेगेटमायर या कोंबड्या-कबुतरांच्या जाणत्याशी त्याने १८५५ पासून पत्रव्यवहार ठेवला. भारतातून माहिती पुरवणारा मुख्य माणूस होता एडवर्ड ब्लाइथ, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अल्प पगारावर राबणारा अभिरक्षक. मद्रासहून पक्ष्यांची कातडी पाठवणाऱ्यांत वॉल्टर एलियट होता. त्याच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे धारवाडकडच्या, तेव्हा ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशात गेली होती आणि तिथल्या सस्तन प्राण्यांची सूची त्याने १८३९ साली प्रसिद्ध केली होती. साम्राज्याच्या टपालाने विज्ञानाची अशी बरीच सेवा केली. ती पत्रे लिहिणाऱ्या साहेबांसाठी रानात फासे लावून पक्षी धरून आणणाऱ्या माणसांची नावे मात्र त्या पत्रव्यवहारात क्वचितच सापडतात.

डार्विनपुढचा प्रश्न कोंबडीपुरता नव्हता. नॉर्फकचा एक पाद्री, एडमंड सॉल डिक्सन, याने १८४८ साली कोंबड्यांवर एक लोकप्रिय पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे की, पाळीव कोंबड्यांच्या निरनिराळ्या जाती मुळापासूनच निरनिराळ्या. माणसाने त्या घडवल्या नाहीत. हे खरे ठरले असते, तर निवड करकरून एका जातीतून अनेक रूपे घडवता येतात, या डार्विनच्या मुख्य युक्तिवादाचा एक भक्कम खांब निखळला असता. निसर्गातील निवडीविषयी बोलताना तो वारंवार माणसाने केलेल्या निवडीचा दाखला देत असे, आणि त्या दाखल्यात कबुतराखालोखाल कोंबडीचा मान होता. म्हणून बुटक्या बँटमपासून महाकाय कोचीनपर्यंत सगळ्यांचा पूर्वज एकच, हे दाखवणे त्याला आवश्यक होते.

त्याने स्वतःही कोंबड्या पाळल्या. चकचकीत काळ्या स्पॅनिश कोंबड्याची पांढऱ्या रेशमी पिसांच्या कोंबडीशी जोडी लावली. या दोन्ही जातींत पिढ्यान् पिढ्या तांबड्या रंगाचा मागमूस नव्हता. त्यांच्या संततीतला एक कोंबडा आधी कोळशासारखा काळा होता. पण वयात येताना त्याच्या मानेवर आणि पाठीवर तांबूस-नारिंगी पिसे फुटली आणि तो जवळजवळ रानातल्या तांबड्या कोंबड्यासारखा दिसू लागला. झाकला गेलेला पूर्वज संकरामुळे वर आला, असा डार्विनने त्याचा अर्थ लावला. त्याने जुन्या ग्रंथांचीही साक्ष काढली. मनुस्मृतीत गावकोंबडा खाणे निषिद्ध आहे, पण रानातल्याला तो निषेध नाही. म्हणजे त्या काळी भारतात दोन्ही होते आणि लोक त्यांत भेद करत होते, एवढे त्याने त्यातून घेतले.

उरला राखी रानकोंबडा. त्याचे पीस निराळे, तुऱ्याच्या कडेची नक्षी निराळी, आवाज तर साफ निराळा. तरीही भारतात त्याचा गावच्या कोंबड्यांशी सहज संकर होतो, ही गोष्ट डार्विनला ठाऊक होती आणि त्याने ती लपवली नाही. ब्लाइथने असे शंभराच्या जवळपास संकरित पिल्लू वाढवून पाहिले होते. पिल्ले नाजूक निघाली. बहुतेक लहानपणीच मेली. जी वाढली ती आपसांत किंवा आई-बापांपैकी कोणाशीही जुळवली तरी पूर्णपणे वांझ. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका जुन्या प्रयोगाची चौकशी डिक्सनने केली होती. पाद्र्याशी मतभेद असले तरी त्याने दिलेली माहिती डार्विनने घेतली. त्या प्रयोगात ५० अंड्यांतून पाच-सहाच पिल्ले हाती लागली होती. आणि शेवटी ती ५०० अंडी, ज्यांत राखी, तांबडा आणि हिरवा अशा तिन्ही रानजातींचे निरनिराळे संकर होते.

या पाचशे अंड्यांच्या आत काय घडले होते, हे पाहिले ते साल्टर नावाच्या दंतवैद्याने. १८६३ साली त्याने ते प्रसिद्ध केले आणि डार्विनने ‘ओरिजिन’च्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याचा उल्लेख केला. निष्कर्ष विलक्षण होता. बहुतेक अंडी फलित झालेली होती, म्हणजे नर-मादीच्या बाजूने काही अडले नव्हते. गर्भ धरला होता, थोडा वाढला होता आणि मग मेला होता. काहींत पिल्लू जवळजवळ पूर्ण तयार होते, पण त्याला कवच फोडता आले नव्हते. जी बाहेर आली, त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, कोणतेही दिसणारे कारण नसताना गेली. जगण्याची ताकदच त्यांच्यात नव्हती, असे साल्टरला वाटले.

ज्याने कधी अंडी उबवली आहेत त्याला एकविसाव्या दिवसाची ही अवस्था ओळखता येईल. पिल्लू आधी बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते, कवचातून आवाज ऐकू येतो, मग तडा जातो. साल्टरची काही पिल्ले या उंबरठ्यावर येऊन थांबली होती. दोन भिन्न जातींचे जनुक एका देहात आले की शरीर घडण्याच्या एखाद्या टप्प्यावर त्यांचे आपसांत जमत नाही. हे स्पष्टीकरण विसाव्या शतकातले. १८६३ मध्ये ते कोणाकडेच नव्हते. मेंडेलची मटारावरची टिपणेही तेव्हा अप्रकाशित होती.

डार्विनने या सगळ्यावरून राखी रानकोंबड्याचे नाव वंशावळीतून खोडले. पण त्याच उताऱ्यात त्याने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. प्राणिसंग्रहालयातल्या त्या जुन्या प्रयोगातले काही अर्धसंकरित पक्षी पुन्हा एका पालकाशी, म्हणजे बँटम जातीच्या पाळीव कोंबडीशी, जुळवले गेले होते आणि त्यांना काही पिल्ले झाली होती. अतिशय अशक्त, पण झाली होती.

इथे डार्विनच्या युक्तिवादातली फट दिसते. संकर बहुधा फसतो, हे त्याने सिद्ध केले. संकर कधीच तरत नाही, हे सिद्ध झाले नव्हते, आणि त्याचे स्वतःचे आकडे त्याविरुद्ध होते. खरे तर ही चूक त्याच्या बाबतीत अधिकच आश्चर्याची आहे, कारण फार लहान कारणे फार मोठ्या काळात काय करू शकतात, हे जगाला शिकवणारा माणूस तोच. प्रयोगशाळेत ५०० पैकी तीन म्हणजे जवळजवळ शून्य. पण सह्याद्रीच्या कडेला असलेल्या हजारो वाड्यांत, हजारो वर्षे, चरायला रानात शिरणाऱ्या कोंबड्या असतील, तर असे अपवाद घडण्याच्या संधी मोजता येणार नाहीत. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येते की, त्याचा खरा शत्रू बहुपूर्वजवाद होता आणि त्या लढाईत तो मुख्यतः बरोबर होता.

पुढच्या शतकाने आधी त्याचीच बाजू बळकट केली. जपानचे राजपुत्र अकिशिनो फुमिहितो हे स्वतः कोंबड्यांचे अभ्यासक. १९९४ आणि १९९६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूत्रकणिकांतील डीएनए तपासून निष्कर्ष काढला की पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून, आणि तेही थायलंडच्या परिसरातल्या, एकाच मुळातून आल्या. डार्विनवर शिक्कामोर्तब झाले, असे वाटण्यासारखीच ही गोष्ट होती. पण सूत्रकणिकांतील डीएनए फक्त आईकडून येतो. बापाची बाजू त्यात दिसतच नाही. घरच्या कोंबडीवर रानातला नर आला, तर आईकडून मोजल्या जाणाऱ्या या वंशावळीत त्याची नोंद कोठेच होणार नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या लेफ अँडरसन यांच्या गटाने कोंबडीच्या कातडीचा रंग ठरवणारे जनुक शोधल्याचे प्रसिद्ध केले. काही कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, काहींचे पांढरट-गुलाबी. पिवळेपणा येतो तो खाद्यातल्या कॅरोटिन वर्गाच्या रंगद्रव्यांमुळे. म्हणूनच मका आणि हिरवा चारा खाणाऱ्या कोंबडीचे पाय अधिक पिवळे दिसतात. कातडीत एक विकर ही रंगद्रव्ये तोडून टाकते आणि कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत ते विकर बनवणारे जनुक शाबूत असते, पण कातडीपुरते ते मंदावलेले असते. रंग तुटत नाही, साठून राहतो. हा गुण सुप्त आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो.

संशोधकांनी हा जनुकाचा तुकडा रानजातींशी ताडून पाहिला. तो तांबड्या रानकोंबड्याचा असणार, अशी साहजिक अपेक्षा होती. पण पिवळ्या कातडीचे रूप तांबड्याशी जुळेना. ते जुळले राखी रानकोंबड्याशी. बाकीचा जनुकसंच तांबड्याचा आणि मध्येच हा एक तुकडा दख्खनच्या पक्ष्याचा, असे त्याचे स्वरूप होते. जगातली पाळीव कोंबडी संकरित निघाली.

हे कसे घडले असावे, याची एक चौकट जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली सांगितलेल्या नियमात मिळते. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) दोन जातींच्या संकरात एकच लिंग दुबळे किंवा वांझ निघत असेल, तर ते दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असलेले असते, असे हा नियम सांगतो. पक्ष्यांत ती मादी असते. म्हणजे राखी रानकोंबडा आणि गावची कोंबडी यांच्या संकरात माद्या अधिक मार खाणार आणि एखादा नर प्रजननक्षम राहण्याची शक्यता जास्त. असा एखादा नर गावच्या कळपात राहिला, त्याने पाळीव माद्यांपासून संतती दिली आणि दर पिढीला रानाचा वाटा निम्मा होत गेला, तर दहाव्या पिढीत रानातले रक्त नावापुरतेच उरेल. पण माणसाने एखादा गुण हेरून जपला, तर त्या गुणाचे जनुक उरते. पिवळे पाय कोणाला का आवडले असावेत? धडधाकट, चांगली चरलेली कोंबडी पिवळी दिसते, हे एक कारण असू शकेल. अर्थात हा तर्क आहे. तो पहिला कोंबडा कोणत्या गावच्या उकिरड्यावर आला, हे जनुके सांगत नाहीत.

२०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासाने मुख्य उगम नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि ब्रह्मदेश या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबड्याच्या उपजातीकडे नेला. २०२२ मध्ये हाडांच्या फेरतपासणीने सर्वांत जुनी खात्रीची पाळीव कोंबडी थायलंडमधल्या बान नोन वात येथे, इ.स.पू. १६५० ते १२५० च्या दरम्यान ठेवली आणि तिचे माणसाजवळ येणे भातशेतीशी जोडले. म्हणजे आधी कोंबडी पूर्वेकडून पाळीव होऊन भारतात आली आणि इथे तिची राखीशी गाठ पडली, असा क्रम दिसतो. सोनरा पूर्ण बरोबर नव्हता. डार्विनही नव्हता.

आता पुन्हा कोंबडीज्वराकडे, कारण गोष्टीचा एक धागा तिथे अडकलेला आहे. २०१४ साली युरोपातल्या उत्खननांत सापडलेल्या कोंबड्यांच्या हाडांतून जुना डीएनए काढण्यात आला. पिवळ्या कातडीचे जनुकरूप त्यांत जवळजवळ नव्हतेच. रोमन काळापासून पुढे कित्येक शतके युरोपच्या अंगणात पांढऱ्या पायांच्या कोंबड्या चरत होत्या. पिवळ्यांचा प्रसार गेल्या सुमारे पाचशे वर्षांतला. इंग्लंडची जुनी डॉर्किंग जात आजही पांढऱ्या पायांची आहे, आणि शांघायहून आलेल्या कोचीन व ब्रह्मा पिवळ्या पायांच्या. इंग्रज गृहिणीला पिवळ्या कातडीची कोंबडी ताटात नकोशी वाटे. अमेरिकनांना तीच पसंत पडली. प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड या नामांकित अमेरिकन जाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडल्या, त्यांत आशियाई रक्त आहे आणि त्यांचे पाय पिवळे आहेत. सगळे श्रेय शांघायच्या जहाजांना देणे मात्र चुकीचे होईल. इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून अमेरिकेला गेलेल्या लेगहॉर्न कोंबड्याही पिवळ्या पायांच्याच होत्या. वाटा एकाहून अधिक होत्या.

म्हणजे डार्विन राखी रानकोंबड्याला वंशावळीतून वगळत होता, त्याच दशकांत त्याच्या सभोवतीच्या प्रदर्शनांत, टेगेटमायरच्या मित्रांच्या खुराड्यांत, कोंड्यात गुंडाळलेल्या उबवणीच्या अंड्यांत त्या पक्ष्याचे जनुक गावोगाव हिंडत होते. डार्विनने मानेची पिसे पाहिली, तुरा मोजला, आवाज ऐकला, सांगाडे तपासले. पाळीव जातीत कोठेही ती शिंगासारखी कडक पिसे दिसत नाहीत, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. पायांच्या रंगाने त्याला काही सुचवले नाही, आणि सुचवण्याचे कारणही नव्हते; रंग ही फार उथळ खूण, असेच तेव्हाचे शास्त्र मानत होते.

अंड्यांसाठी पाळली जाणारी व्हाइट लेगहॉर्न विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतून भारतात आली. पुण्याच्या आणि नाशिकच्या आसपासच्या पोल्ट्रीत आज जी पांढरी, पिवळ्या पायांची अंड्यावरची कोंबडी दिसते, ती त्याच रक्तावर उभी आहे. तिथून काही कोसांवर, भीमाशंकरच्या किंवा त्र्यंबकच्या रानात, पहाटे तो तुटक बांग देणारा अजूनही असतो.